डॅशहंडची डीएनए चाचणी: रिपोर्ट कुठे कामाचा, कुठे अपुरा

डॅशहंड या लांब अंगाच्या, आखूड पायांच्या कुत्र्यासाठी पुण्यात पेट क्लिनिकमधून मिळणारा हा गालाच्या स्वॅबचा किट वापरायला सोपा आहे. खाऊन तासभर झाल्यावर गाल आणि हिरडीच्या बेचक्यात स्वॅब 30 सेकंद फिरवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग कागदी पाकिटात. पावसाळ्यात घोळ होतो तो इथेच: ओलसर स्वॅब प्लास्टिकमध्ये गेला की बुरशी धरते, डीएनए तुटतो आणि ‘नमुना अपुरा’ असा शेरा येतो. अंगावर पिणाऱ्या पिल्लाचा स्वॅब घेऊच नका, त्यात आईच्या पेशी येतात.

रिपोर्टमधला सर्वांत कामाचा भाग पायांचा. एफजीएफ4 जनुकाची जादा नक्कल 18व्या गुणसूत्रावर असली की पाय आखूड होतात. 12व्यावरची नक्कल पाय तर थोडे आखूड करतेच, शिवाय मणक्यातल्या चकत्या अकाली कडक करते. जनुकातून बनणारं प्रथिन तेच, पण नको तिथे आणि नको तितकं तयार होतं. लॅब या दोन्ही नकला वेगळ्या दाखवते, हे उत्तम. फक्त डॅशहंडमध्ये 12व्यावरची नक्कल जवळपास सगळ्यांतच असते, तेव्हा ‘आहे’ वाचून घाबरू नका. वजन आटोक्यात ठेवा, सोफ्यावरून उड्या बंद करा. मिश्र जातीच्या, आखूड पायांच्या कुत्र्याला मात्र ही ओळ खरंच काही सांगून जाते.

आकाराचा अंदाज गंमत म्हणून वाचावा. आयजीएफ1 जनुकाजवळचा एक छोटा बदल जनुकाला हात न लावता त्याचं प्रमाण ठरवतो. पंखा तोच, रेग्युलेटर कमी-जास्त. जातीजातींच्या आकारातल्या फरकापैकी सुमारे 15 टक्केच त्यातून उलगडतो. बाकी असंख्य जनुकं आणि खाणं.

खरी उणीव डॅपल म्हणजे ठिपकेदार रंगात आहे. पीएमईएल जनुकात एक तुकडा घुसलेला असतो आणि त्याच्या टोकाला डीएनएच्या ‘ए’ अक्षरांची शेपटी. शेपटी लांब असेल तर अंगावर ठिपके उमटतात. आखूड असेल तर कुत्रा साधा दिसतो. हा रिपोर्ट नुसतं ‘आहे/नाही’ सांगतो, लांबी मोजत नाही. दोन डॅपलची जोडी लावली तर दोन्हीकडून लांब शेपटी मिळालेली पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघू शकतात. म्हणून पिल्लं काढायची असतील तर पैसे भरण्याआधी एकच विचारा: फ्रॅगमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे शेपटीची लांबी मोजणारी चाचणी, करता का? ‘चिपवर (अनेक बदल एकदम तपासणाऱ्या पट्टीवर) सगळं येतं’ असं उत्तर आलं तर डॅपलसाठी दुसरी लॅब बघा.

एमडीआर1 या, काही औषधं न सोसण्याशी जोडलेल्या जनुकाची ओळ कोली जातीची कुत्री पाळणाऱ्यांच्या कामाची. डॅशहंडच्या पॅकेजमध्ये ती निव्वळ भरताड आहे.