स्लॅबवरचं ३ किलोवॅट सोलर: दीड वर्षाचा अनुभव

ऑक्टोबर २०२४ मध्ये गावाकडच्या घरावर ५४० वॅटची ६ पॅनल बसवली. खर्च १ लाख ९० हजार, त्यातले ७८ हजार पंतप्रधान सूर्यघर योजनेतून अनुदान म्हणून खात्यावर जमा झाले. आधी उन्हाळ्यात बिल साडेतीन हजारांपर्यंत जायचं, आता बहुतेक महिने दीडशेच्या आत. एप्रिलमध्ये ४०० च्या वर युनिट निघाली, जुलैत जेमतेम २००. पॅनल पंधरा दिवसांनी धुवावीच लागतात. पाचट पेटवलं की काजळी येऊन बसते. लाईट गेली की सोलरही बंद पडतं, नाहीतर तारेवर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

एवढ्यावर मी पाचपैकी पाच दिले असते. पण गेल्या फेब्रुवारीत भर दुपारी इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) बंद पडायला लागला. पडद्यावर व्होल्टेज २५०, २५५, २५८ असं चढायचं आणि टक् करून सगळं थांबायचं. बसवणाऱ्याला चार फोन केले, तो फिरकला नाही. शेवटी वायरमननं खांबावर चढून दाखवलं: आमच्या डीपीवर (म्हणजे रोहित्रावर) आता ७ घरांचं सोलर, सगळं एकाच फेजवर, आणि दुपारी माणसं रानात, वीज वापरणारं घरी कोणीच नाही, म्हणून व्होल्टेज चढतं. त्यानं तिघांची फेज बदलून दिली, तेव्हा थांबलं.

तेव्हापासून मी बिलाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. संध्याकाळी सातला टीव्ही, पंखे, फ्रिज, मिक्सर माझ्याही घरात सुरू असतात, म्हणजे डीपी तेवढ्याच ताकदीची लागते. दुपारी माझी वीज शेजारी खपते, लांबून आणायची गळती वाचते, हा फायदा खरा आहे. पण खांब, तारा, रोहित्र, वायरमनचा पगार यांतलं काहीच कमी होत नाही. शिवाय २०२४ च्या नियमांनुसार ५ किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी लाईन सुधारायची झाली तर तो खर्च वीज कंपनीनं करायचा, म्हणजे शेवटी तो सगळ्यांच्या दरात येणार. या तारांचा खर्च ज्यातून निघतो तो वहन आकार युनिटवर लागतो आणि माझी निव्वळ युनिट (लाईनवरून घेतलेली वजा लाईनला दिलेली) शून्य, म्हणजे तो मी भरतच नाही.

शेजारच्या काकूंचं घर पत्र्याचं, सोलरचा प्रश्नच नाही. महिन्याला ८० युनिट, बिल सातशेच्या आसपास. परवा दोघांची बिलं एकत्र आली. त्या म्हणाल्या, "बाळा, तुझं एवढुसं कसं? खांब तर दोघांचा एकच की." मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून सोलर बसवू नका असं मी म्हणणार नाही, बसवाच. पण गरजेपेक्षा मोठं नको. मार्चअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर फार कमी असतो. बोअरची मोटर, गिझर, घरगुती गिरणी मी आता ११ ते ३ मध्येच चालवतो. आणि स्थिर आकार (युनिट कितीही असो, दर महिन्याला लागणारी ठरलेली रक्कम) वाढवायचाच असेल तर तो सरसकट वाढवू नये, काकूंवर तोच बोजा पडेल. माझ्यासारख्यांकडून सोलरच्या किलोवॅटप्रमाणे महिन्याला थोडे पैसे घ्यावेत. शंभर रुपये जास्त गेले तरी माझं सोलर फायद्यातच राहतं.