नोकरी गेल्यावरचा ईएसआयचा भत्ता: सेवा चांगली, पण अर्ज काळजीपूर्वक भरा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक भागातल्या कामगारांच्या पगारातून दरमहा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, पण त्यात नोकरी गेल्यावरचा भत्ताही आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २०१८ पासूनची ही अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम, कमाल ९० दिवस, आयुष्यात एकदाच. रोजची सरासरी ६०० असेल तर ३०० प्रमाणे २७,००० रुपये. अडीअडचणीला मोठाच आधार!

मात्र नोकरी जाण्याआधी सलग दोन वर्षं विमा हवा. शेवटच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी, शिवाय आधीच्या तीनपैकी एका सहामाहीत तितकीच. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, या त्या सहामाह्या. ठेकेदाराने मधले महिने भरलेच नसतील तर दावा तिथेच अडतो, म्हणून ईएसआयच्या पोर्टलवर वर्गणीचा तपशील आधी पाहा.

बेकारीचे ३० दिवस झाल्यावर पोर्टलवरून दावा करता येतो. आधार आणि पासबुकावरचं नाव अक्षरशः जुळू द्या. गैरवर्तनामुळे काढलेल्यांना किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना भत्ता नाही. शंका असेल तर १८००-११-२५२६ हा निःशुल्क क्रमांक आहे; विमा क्रमांक हाताशी ठेवूनच फोन लावा.