कुत्रा भुंकतो म्हणून शेजारी तक्रार करतात: कोणता उपाय कधी धरायचा?

खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन आल्या तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. त्यांनी बेल वाजवली आणि चिकू सुरू झाला. काकू बोलतायत, चिकू भुंकतोय आणि मी मधे उभी राहून "अहो, एरवी नाही हो भुंकत" म्हणतेय, असा तो प्रसंग. "दिवसभर चालतं हे," काकू म्हणाल्या. "दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही." आम्ही पुण्यात राहतो. इथे दुपारी एक ते चारमध्ये कोणाची झोपमोड करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या आठवड्यात सल्ल्यांचा पाऊस पडला. ट्रेनर लाव. भुंकणं थांबवणारा पट्टा मिळतो, तो घे. काकूंना नियम दाखव. एका मावसभावाने तर "गावी सोडून ये" इतकंही सांगून टाकलं. यातले बरेच उपाय मी करून पाहिले, काही जवळच्या लोकांनी केलेले पाहिले. तुमच्याही दारात अशी बेल वाजली असेल तर कशाने काय साधतं आणि कशात नुसते पैसे जातात, ते सांगते.

त्याआधी एक फुकटचं काम. जुना मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून हॉलमध्ये ठेवा आणि नेहमीसारखे बाहेर पडा. असं दोन दिवस करा.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सव्वानऊपासून पावणेबारापर्यंत चिडीचूप होतं. मग लिफ्ट. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. कोणी दार अर्धवट सोडलं की आतल्या बाई "कृपया दरवाजा बंद कीजिए" सुरू करतात, आणि कोणीतरी येऊन दार लावेपर्यंत त्या काही थकत नाहीत. दोन दिवसांत चिकू अकरा वेळा भुंकला, त्यातला नऊ वेळा या बाईंना उत्तर म्हणून. सगळं मिळून चाळीस मिनिटंही नाहीत. पण सगळ्यात लांबलचक भुंकणं दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं आणि चौदा मिनिटं चाललं. काकूंचं "दिवसभर" खोटं निघालं, तसं माझं "एरवी नाही"सुद्धा.

कुठला उपाय लागू पडेल, हे या रेकॉर्डिंगवरून कळतं. आवाज आला की भुंकणं आणि आवाज गेला की गप्प, तर ती राखण. तुम्ही दार ओढून घेतल्यावर थोड्याच वेळात रडणं, हेल काढून ओरडणं, दार खरवडणं सुरू होत असेल तर त्याला एकटेपणाची धास्ती आहे. एकाच सुरात, थांबून थांबून, उगाच चाललेलं भुंकणं बहुतेक कंटाळ्याचं. आणि म्हातारा कुत्रा अचानक रात्री-अपरात्री भुंकायला लागला असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे न्या. ऐकू कमी येणं, दुखणं, माणसांसारखाच वयोमानाने होणारा गोंधळ, यातलं काहीही असू शकतं.

तोंडी बोलायचं की लेखी?

व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्तर देण्याचा मोह होतोच. देऊ नका. तिथे चाळीस बिऱ्हाडं बघत असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना माघार घेणं जड जातं. दोन मिनिटांत मिटणारी गोष्ट "पेट लव्हर्स विरुद्ध बाकीचे" अशी होऊन बसते, आणि मग त्यात पार्किंगसुद्धा निघतं.

प्रत्यक्ष जाण्याला तोड नाही, फक्त वेळ बघून जा आणि कुत्रा घरी ठेवून जा. मी काकूंना एकच विचारलं: "सगळ्यात जास्त त्रास कधी होतो?" त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "दोन ते साडेतीन." म्हणजे आठ तासांचा प्रश्न दीड तासावर आला. नंबर दिला, "भुंकायला लागला की मिस्ड कॉल द्या" म्हटलं. पहिल्या आठवड्यात चार आले. त्यातला एक चिकूसाठी नव्हता, मागच्या बंगल्यातल्या कुत्र्यासाठी होता. पण ते मी बोलून दाखवलं नाही.

भांडण जुनं असेल, धमक्यांपर्यंत गेलं असेल, तर मात्र लेखी बरं. सेक्रेटरींना तारीख घालून पत्र द्यायचं, आपण काय काय केलं ते लिहायचं आणि पोच घ्यायची. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला आधी तुम्ही सांगा. त्याला दुसऱ्याकडून कळलं, तर पुढच्या अॅग्रीमेंटच्या वेळी ते नक्की निघतं.

जागा बदलायची की सवय?

हा मुद्दा लोक सगळ्यात कमी लक्षात घेतात, आणि मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

आवाज भिंतीतून जातो त्याहून कितीतरी जास्त फटींतून, खिडक्यांतून आणि डक्टमधून जातो. चिकूचं अंथरूण पॅसेजमध्ये होतं, मुख्य दारापाशी. बाजूलाच बाथरूम, त्याची खिडकी डक्टमध्ये उघडते. काकूंच्या बाथरूमची खिडकीही त्याच डक्टमध्ये. थोडक्यात, मी त्याला कर्ण्यासमोर बसवून रोज ऑफिसला जात होते. अंथरूण मागच्या बेडरूममध्ये नेलं, बाथरूमची खिडकी आणि दार बंद केलं, मुख्य दाराखालच्या फटीला जुनी सतरंजी गुंडाळून लावली, पंखा चालू आणि विविध भारती मध्यम आवाजात. दुसऱ्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या. "काल घरी नव्हता का तो?" होता. मोबाईलच्या हिशोबाने सहा वेळा भुंकलाही होता.

पडद्यांवर खर्च करू नका. जाड पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, पण बाहेर जाणारा आवाज फारसा अडत नाही. आणि कुत्र्याला दिवसभर गॅलरीत ठेवत असाल तर आधी ते बंद करा. तिथून त्याला खालचा प्रत्येक माणूस, मांजर, डिलिव्हरीवाला दिसतो आणि त्याचा आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत येतो. मोकळी हवा मिळावी म्हणून आपण ठेवतो आणि त्याला बारा तासांची वॉचमनची ड्यूटी लागते.

जागा बदलल्याने भुंकणं थांबत नाही, फक्त कमी ऐकू जातं. थांबवायचं असेल तर सवयच मोडावी लागते, आणि तिला काही आठवडे लागतात. मी लिफ्टमधल्या बाईंचा आवाज मोबाईलवर घेतला. घरात तो अगदी हळू लावायचा आणि आवाज आला की पनीरचा तुकडा. तो गप्प राहतोय असं दिसलं की आवाज किंचित वाढवायचा. घाई केली की सगळं पहिल्यापासून. घरचे हसायचे, कारण रोज संध्याकाळी आमच्या घरात "कृपया दरवाजा बंद कीजिए" आणि पनीर असा कार्यक्रम असायचा. पाचव्या आठवड्यात त्या आवाजावर चिकू भुंकण्याऐवजी स्वयंपाकघराकडे बघायला लागला.

लक्ष वेधायला भुंकणाऱ्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करायचं असतं, पण त्यात एक मेख आहे. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस भुंकणं वाढतं. आजवर दहा हाकांत काम व्हायचं, आता होत नाही, म्हणून तो वीस मारतो. बहुतेक माणसं इथेच हात टेकतात आणि उठून त्याच्याकडे जातात. त्यातून तो एवढंच शिकतो की वीस हाका माराव्या लागतात. त्यामुळे सुरू करण्याआधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा: आठवडाभर जरा जास्त ऐकू येईल.

दोन्हीतलं एकच जमणार असेल तर जागा बदला. दोन्ही जमत असेल तर आज जागा, उद्यापासून सवय.

ट्रेनर की पट्टा?

भुंकल्यावर आपोआप चालणाऱ्या पट्ट्यांचे तीन-चार प्रकार ऑनलाइन मिळतात: विजेचा झटका देणारा, थरथरणारा, गवती चहासारख्या उग्र वासाचा फवारा मारणारा, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारा. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचंही.

झटक्याचा पट्टा घेऊ नका. वेल्समध्ये त्यावर 2010 पासून बंदी आहे, आणि आपल्याकडचा 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही जनावराला विनाकारण वेदना देऊ नका असंच सांगतो. कायदा सोडला तरी व्यवहार बघा. भुंकताना कुत्र्याचं लक्ष समोरच्या गोष्टीवर असतं. लिफ्टमधून शेजारचा मुलगा बाहेर आला, हा भुंकला, मानेला झटका बसला. झटका आपल्या भुंकण्यामुळे बसला असं तो समजेलच याची खात्री नाही. मुलामुळे बसला असंही तो धरून चालेल. काही दिवसांनी भुंकणं थांबतं आणि कुत्रा त्या मुलावर न भुंकता धावून जातो, तर तक्रारीचा विषय एकदम वेगळाच होतो.

वासाचा पट्टा त्यामानाने सौम्य. माझ्या मैत्रिणीच्या बीगलवर तो दहा दिवस चालला, मग त्याला वासाची सवय झाली. बीगल मुळात कळपाने शिकार करताना गळा काढायलाच पैदास केलेली जात, त्याला फवाऱ्याचं काय! आवाजाच्या यंत्राची अडचण अशी की ते शेजारच्या निरपराध कुत्र्यांनाही ऐकू येतं.

ट्रेनर महाग पडतो आणि सगळे सारखे नसतात. पहिल्याच भेटीत गळ्यात चेन अडकवून हिसका देणारा असेल तर चहा देऊन रवाना करा. "कधी भुंकतो, कशाला भुंकतो, एकटा किती वेळ असतो" हे विचारणारा हवा. तो तासभर येऊन कुत्रा शहाणा करून जाईल असं मात्र नाही. तो तुम्हाला शिकवणार आणि रोजचा सराव तुमच्याच गळ्यात. तेवढा वेळ काढणार नसाल तर ट्रेनरचे पैसेही वायाच.

दिवसभर एकटा असेल तर

दोघंही नोकरीला जाणाऱ्यांच्या घरी हा खरा पेच. डे-केअर कुत्र्यांसाठी मजेचं असतं, पण रोज ठेवलं तर महिन्याचा आकडा एखाद्या खोलीच्या भाड्याइतका होतो, आणि बुजऱ्या कुत्र्याला वीस अनोळखी कुत्र्यांत टाकणं हीही एक शिक्षाच. दुपारी कोणीतरी घरी येऊन अर्धा तास फिरवून आणलं तर कंटाळ्याचं भुंकणं बरंच उतरतं. आमच्याकडे कॉलेजमधला एक मुलगा दीड वाजता यायचा. दोन वाजेपर्यंत चिकू दमून आडवा. काकूंची वेळ सांभाळली जायची.

फिरवण्यातही फरक आहे. पट्टा ओढत दोन चकरा मारण्यापेक्षा वीस मिनिटं त्याला हवं तिथे हुंगू द्या, तो जास्त दमतो. घरातून निघताना पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून, फ्रीझरमध्ये गोठवून द्या. सुरुवातीची चाळीस मिनिटं त्यात जातात.

एकटेपणाची धास्ती असेल तर यातलं काहीच पुरत नाही. असा कुत्रा दही-भाताकडे बघतही नाही. त्याला एकटं राहणं मिनिटा-मिनिटाने शिकवावं लागतं, कधी औषधही लागतं, आणि ते होईपर्यंत डे-केअर किंवा घरात माणूस हाच मार्ग. इथे खर्चाला पर्याय नाही.

कमिटी की पोलीस?

कुत्रा पाळणाऱ्यांना एक गोष्ट पाठ असते: सोसायटी कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही. ते खरंय. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना सांगतात की बहुमताने ठराव करूनही तसं करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही 2021 मध्ये असे बंदीचे नियम बेकायदा ठरवले. पण त्याच सूचनांमधलं पुढचं वाक्य कोणी फॉरवर्ड करत नाही. भुंकणं नैसर्गिक आहे, ते सहन करावं. मात्र सतत भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, तेव्हा विशेषतः रात्री कुत्र्याला शांत ठेवायचा प्रयत्न मालकाने करावा, असं त्यात आहे. कागद दाखवायचाच असेल तर पूर्ण दाखवा.

तक्रार करणाऱ्यांनी पोलिसांकडून फार अपेक्षा ठेवू नये. 112 ला फोन केला तर कोणीतरी येतं, दोघांना समजावतं आणि जातं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. जवळून ऐकलं तर एक भुंकणंच 80-90 च्या घरात जातं, पण कुत्रा थांबून थांबून भुंकतो आणि मोजणारा माणूस आला की गप्प बसतो. सार्वजनिक उपद्रवाचं कलम लावायचं तर त्रास आसपासच्या लोकांना सर्वसाधारणपणे होत असावा लागतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 खाली दंड जास्तीत जास्त हजार रुपये. दिवाणी दाव्यात मनाई हुकूम मागता येतो, पण तोवर कुत्रा म्हातारा होतो. उलट कोणी चिडून कुत्र्याला विष घातलं, तर कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्यामुळे दोन्ही बाजूंना कमिटीच बरी. सेक्रेटरीला कायदा कळो न कळो, दोघांना समोरासमोर बसवून वेळा ठरवून देणं त्याला जमतं. काही कामं तर कमिटीशिवाय होतच नाहीत. आमच्या लिफ्टचं दार नीट लागत नव्हतं आणि त्या बाईंचा आवाज कमी करायला सर्व्हिसवाल्याला बोलवायला हवं होतं. मी अर्ज लिहिला. त्यावर दुसरी सही काकूंची आहे. त्या बाई त्यांनाही दुपारी झोपू देत नव्हत्या.