म्यानमार टूल्स: झॉजीच्या गुंत्यावर चांगला उतारा, पण आकडा नीट वाचा

एका कामासाठी जुन्या बर्मी मजकुराच्या सातआठशे ओळी हातात आल्या. निम्म्या नीट दिसायच्या, निम्म्यांत खुणा भलत्याच जागी. मला वाटलं फॉन्ट गंडलाय, म्हणून दुसरा लावला तर काय, बिघडलेल्या ओळी सुधारल्या आणि चांगल्या होत्या त्या बिघडल्या!! म्हणजे फाईलमध्ये युनिकोड (प्रत्येक अक्षराला एक ठरलेला नंबर देणारं जगभरचं मानक) आणि बर्मीसाठीचं जुनं झॉजी दोन्ही कालवलेलं होतं.

झॉजी हा फॉन्ट पण आणि एन्कोडिंग पण, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला नंबर याची पद्धत. गोची अशी की तो युनिकोडचेच नंबर वापरतो पण वेगळ्या अर्थाने. १०३९ हा कोड युनिकोडमध्ये अक्षराखाली अक्षर जोडणारी न दिसणारी खूण आहे, झॉजीत तोच कोड म्हणजे 'असत', आपण पाय मोडतो तशी दिसणारी खूण, फक्त तिकडे ती अक्षराच्या डोक्यावर बसते. बर्मी लिपी युनिकोडमध्ये १९९९ साली ३.० या आवृत्तीत आली, पण असतला आणि जोडून येणाऱ्या य, र, व, ह ला स्वतःचे कोड मिळायला २००८ चं ५.१ उजाडलं, तोवर लोकांनी दिसेल तसं टाईप करायची सोय शोधली होतीच. आणि 'ए'चा स्वर अक्षराच्या डावीकडे दिसतो, आपल्या पहिल्या वेलांटीसारखा, युनिकोड तो अक्षरानंतर साठवतं आणि झॉजी आधी. त्यामुळे शब्द डोळ्यांना तोच दिसतो पण सर्चमध्ये सापडत नाही. (थाईत पण डावीकडचे स्वर आधीच टाईप होतात, पण टीआयएस ६२० या त्यांच्या जुन्या मानकातला क्रम युनिकोडने तसाच घेतला, म्हणजे उलटा तर उलटा पण सगळ्यांचा सारखाच.)

तर म्यानमार टूल्स. गूगलने ओपन सोर्स केलेली लायब्ररी आहे, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायचं तयार सॉफ्टवेअर, मी जावास्क्रिप्टवाली वापरली. ओळ दिली की ती झॉजी असण्याची शक्यता ० ते १ मध्ये सांगते. कुठल्या कोडनंतर कुठला कोड येतो यावरून ती अंदाज बांधते, मार्कोव्ह मॉडेल की काय म्हणतात ते, डिक्शनरी वगैरे काही लागत नाही. सोबत झॉजीचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर पण येतो. लांब वाक्यांवर मी तर खूश आहे, आकडा ० ला तरी चिकटलेला नाहीतर १ ला, मधलं काही नाहीच, आणि स्पीड पण मस्त.

माती मी खाल्ली ती छोट्या ओळींवर. ०.५ च्या वर गेलं की कन्व्हर्ट असं ठोकून दिलं, आणि एकदोन अक्षरी नावं जी आधीच युनिकोडमध्ये होती तीच परत बदलून त्यांची पार वाट लागली, बॅकअप होता म्हणून वाचलो. यात टूलचा काही दोष नाही हो, साधी व्यंजनं दोन्हीकडे त्याच नंबरवर आहेत, फरक पडतो तो खुणांमध्ये, आणि एवढ्याशा नावात खुणा असून असून एकदोनच, मग ओळखणार तरी कसं. आता मी ०.९५ च्या वरचंच आपोआप बदलतो, ०.०५ च्या खालचं तसंच ठेवतो आणि मधलं सगळं वेगळ्या फाईलमध्ये.

म्यानमारने १ ऑक्टोबर २०१९ ला अधिकृतपणे युनिकोड धरलं, म्हणून नव्या मजकुराला हे फारसं लागणार नाही. पण जुने मेसेज, जुने डेटाबेस असतील तर लागणारच. पाचपैकी साडेचार. शान, मोन किंवा कारेन या म्यानमारमधल्या दुसऱ्या भाषांचा मजकूर असेल तर मात्र डोळ्यांनी बघा, कारण युनिकोडने त्या भाषांच्या अक्षरांना दिलेल्या नंबरांवर झॉजीने बर्मीचीच खाली बसणारी जोडाक्षरं वगैरे कोंबलीत. माझ्या त्या मधल्या फाईलमध्ये ऐंशीएक ओळी उरल्यात, त्या बर्मी येणाऱ्या एका मित्राला पाठवल्यात, बघू कधी करतो ते.