हितसंबंध जाहीर करायचे, बाजूला व्हायचे की पदच द्यायचे नाही?

निवडणूक अधिकाऱ्यांसाठी नियम ठरवायचे असतील तर तीन वाटा आहेत.

जाहीर करायला लावणे सर्वांत स्वस्त. पैशांच्या बाबतीत ते उपयोगीही पडते: मतदान यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीत कुणाचे शेअर आहेत, हे निविदा निघण्याआधी कळलेले बरे. पक्षाशी असलेल्या नात्याचे मात्र तसे नाही. 2000 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात कॅथरीन हॅरिस राज्याच्या निवडणूक यंत्रणेच्या प्रमुख होत्या आणि राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या तिथल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही. सगळे उघड होते. बुश यांच्या 537 मतांच्या आघाडीचा निकाल त्यांच्याच सहीने प्रमाणित झाला आणि शंका घेणाऱ्यांना आयता मुद्दा मिळाला.

बाजूला होणे खालच्या पातळीवर उत्तम चालते. मतमोजणीच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याचा चुलतभाऊ उमेदवार निघाला, तर त्याला दुसरीकडे पाठवा, विषय संपला. भारतात निवडणुकीशी थेट संबंध येणाऱ्या अधिकाऱ्यांना गृहजिल्ह्यात ठेवू नये असा आयोगाचा दंडक आहे. हे मला अधिक आवडते, कारण अधिकारी स्वतःहून काही सांगेल याची वाट पाहावी लागत नाही. अडते ते शिखरावर. प्रमुखाने बाजूला व्हायचे तर सूत्रे कुणाकडे, त्याच्याच हाताखालच्या माणसाकडे? अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात 2018 मध्ये ब्रायन केम्प गव्हर्नरपदाचे उमेदवार होते आणि निवडणूक यंत्रणाही त्यांच्याकडेच होती. पद सोडण्याची मागणी होत राहिली. त्यांनी ते सोडले मतदानानंतर दोन दिवसांनी.

म्हणून शिखरासाठी तिसरी वाट: पदासोबत दुसरे काही चालणारच नाही. कॅनडात मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला 10 वर्षांची एकच मुदत मिळते, पुनर्नियुक्ती नाही. त्याला मतदानही करता येत नाही, पण तो भाग मला दिखाऊ वाटतो. खरे कवच म्हणजे पुन्हा नेमणुकीसाठी कुणाची मर्जी राखावी न लागणे. निवृत्तीनंतरचे दारही बंद हवे. भारतात लोकसेवा आयोगाच्या सदस्यांच्या पुढच्या सरकारी नोकरीवर घटनेच्या कलम 319 ने मर्यादा आहेत, निवडणूक आयुक्तांवर तशा नाहीत. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एम. एस. गिल पुढे केंद्रात मंत्री झाले, तेही पूर्णपणे कायदेशीरपणे.

या कडकपणाची किंमत आहेच: अनुभवी माणसे कमी मिळतात. लहान संस्थेला ती परवडणार नाही. तिथे प्रमुख तेवढा बाहेरचा आणा, बाकीच्यांसाठी बदली आणि आर्थिक हितसंबंधांची नोंद पुरे. फक्त ती नोंद तपासणारा माणूस त्या प्रमुखाने नेमलेला नसावा.