यूकेचा स्पाउस व्हिसा ‘लवकर काढून देतो’ सांगून पैसे कसे उकळतात

लग्न होतं, पंधरा दिवसांची रजा संपवून मुलगा यूकेत लेस्टरला नाहीतर स्लाउला परत जातो आणि मुलगी इकडे साताऱ्याला सासर-माहेर करत स्पाउस व्हिसाची, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसाची, वाट बघते. साध्या सेवेत निकालाला साधारण १२ आठवडे धरायचे असतात. नेमक्या या १२ आठवड्यांवर काही लोकांचा धंदा चालतो. “काका, कशाला तीन महिने थांबताय? आपली आत ओळख आहे, दोन आठवड्यांत सूनबाई विमानात.” असं कोणी म्हणालं की त्याच क्षणी पाकीट खिशात परत ठेवा. यूकेच्या कुटुंब व्हिसाचा निकाल दोन आठवड्यांत देण्याची कुठलीही सेवा भारतातून अर्ज करणाऱ्याला विकत मिळत नाही.

खरी सेवा काय आहे ते आधी नीट समजून घ्या, कारण फसवणूक तिच्याच नावाने होते. ब्रिटिश सरकारची ‘प्रायॉरिटी’ नावाची सेवा आहे आणि तिची फी ५०० पौंड आहे. ही फी व्हिसाच्या फीपेक्षा वेगळी भरायची. व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड झाली होती. त्याशिवाय आरोग्य अधिभार, ज्याला सगळे आयएचएस म्हणतात, तो वर्षाला १,०३५ पौंड. स्पाउस व्हिसा २ वर्षं ९ महिन्यांचा मिळतो, पण अधिभार पूर्ण ३ वर्षांचा घेतात, म्हणजे ३,१०५ पौंड. हे दर बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा.

५०० पौंड भरले की निकालाचं उद्दिष्ट ३० कामकाजाचे दिवस होतं. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसाच्या प्रायॉरिटीला ५ दिवस लागतात. एजंट तोच ५ दिवसांचा आकडा दाखवून स्पाउस व्हिसाचे पैसे मागतात. ‘सुपर प्रायॉरिटी, २४ तासांत’ हीसुद्धा खरी सेवा आहे, पण बाहेरून केलेल्या स्पाउस अर्जाला ती लागू नाही. म्हणजे नाव खरं, किंमत खरी वाटेल अशी आणि वस्तू मात्र तुमच्यासाठी नाहीच.

दिवस मोजताना शनिवार, रविवार आणि इंग्लंडच्या सुट्ट्या वगळायच्या. मोजणी अर्जकेंद्रात बोटांचे ठसे दिल्यापासून धरायची. १ डिसेंबर २०२५ ला ठसे दिले असतील तर ३० वा दिवस १५ जानेवारीला येतो, कारण नाताळाचे दोन दिवस आणि १ जानेवारी मधे जातात. हे मोजणं घरी येत असलं की “अजून आठवडा, साहेब रजेवर आहेत” या थापेला कोणी बळी पडत नाही.

दोन गोष्टी एजंट कधीच सांगत नाहीत. एक, ही सेवा अर्ज भरताना किंवा अपॉइंटमेंट घेताना, अधिकृत वाटेवरच घ्यायची असते. मुंबई किंवा पुण्याच्या अर्जकेंद्रात ठसे देऊन झाल्यावर कोणी “आता प्रायॉरिटीत टाकतो” म्हणत असेल तर तो जे विकतोय ते त्याच्याकडे नाही. दुसरी, ५०० पौंडांनी फाइल फक्त रांगेत पुढे जाते. अधिकाऱ्याला अर्ज गुंतागुंतीचा वाटला तर तो बाजूला पडतो, ३० दिवस उलटून जातात आणि पैसे परत मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त दिसणारी फसवणूक साधी आहे. एजंट प्रायॉरिटीचे म्हणून १,४०,००० रुपये घेतो आणि प्रत्यक्षात साधा अर्ज भरतो. पौंड ११५ रुपयांचा धरला तर खऱ्या ५०० पौंडांचे ५७,५०० होतात. इथे तेवढेही भरलेले नसतात. निकाल दहाव्या आठवड्यात आला तर “बघा, गर्दी असूनसुद्धा काढून दिला” म्हणून पेढेही घेऊन जातो. घरच्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

दुसरा प्रकार अर्धवट खरा असतो, म्हणून जास्त फसवा. अर्जकेंद्रात प्रीमियम लाउंज, खास वेळेची अपॉइंटमेंट, कागद स्कॅन करून देणं, एसएमएस, कुरिअर अशा सेवा मिळतात. त्या वैध आहेत, पावतीही खरी मिळते. पण त्यांचा निकालाच्या वेगाशी काडीचा संबंध नाही. निकाल अर्जकेंद्रात होतच नाही. तिथे ठसे, फोटो आणि कागद घेतात, निर्णय ब्रिटिश सरकारचा अधिकारी देतो. काही हजारांच्या लाउंजची पावती पुढे करून “ही बघा प्रायॉरिटीची पावती” असं सांगून लाखभर रुपये घेतले जातात. पावतीवर सेवेचं नाव वाचा. ‘प्रीमियम’ आणि ‘प्रायॉरिटी’ या दोन शब्दांत तुमचे लाखभर रुपये असतात.

तिसरा प्रकार ठसे दिल्यावर सुरू होतो, कारण तेव्हा घरचे सगळ्यात अधीर असतात. व्हॉट्सॅपवर एक पीडीएफ येते. वर राजमुकुटाचं चिन्ह, खाली ‘प्रायॉरिटी कन्फर्मेशन फी’ म्हणून ९५० पौंड, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि २४ तासांत भरा नाहीतर फाइल बंद, असा मजकूर. ही पीडीएफ शांतपणे वाचली की तिथल्या तिथे उघडी पडते. ब्रिटिश सरकारच्या फीवर भारताचा जीएसटी कसा लागेल? अर्जाचा क्रमांक जीडब्ल्यूएफ या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे ९ अंक असतात. बनावट कागदावर बरेचदा ७ किंवा १० सापडतात. ज्या ईमेलवरून ती आली त्याच्या पत्त्यात ‘गव्ह डॉट यूके’ हे ब्रिटिश सरकारचं नाव असतं, पण शेवटी नसतं, मधेच कुठेतरी असतं आणि पुढे भलतंच काही. आणि पैसे भरायचे असतात कोणा माणसाच्या नावाच्या यूपीआयवर. एकदा भरले की पुढे ‘स्टँपिंग चार्ज’, ‘परत मिळणारी अनामत’, ‘एस्कलेशन फी’ असं चालूच राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात: अर्जात ईमेल कोणाचा आहे. एजंट स्वतःचा टाकतो, “तुम्हाला त्रास नको” म्हणून. मग अधिकाऱ्याने एखादा कागद मागितला तर ती मागणी त्याच्याकडे जाते आणि तिथेच पडून राहते. नकाराचं पत्रही त्याच्याकडेच जातं. भारतातून अपील करायला नकार मिळाल्यापासून २८ दिवस असतात. एजंट महिना-दीड महिना “प्रोसेसमध्ये आहे” म्हणत राहिला की ती मुदत गेली.

पैशाच्या कार्डाचंही तसंच. व्हिसा नाकारला गेला तर आयएचएसचे पैसे परत मिळतात, पण ज्या कार्डावरून किंवा खात्यावरून भरले त्याच्यावरच. एजंटने तुमच्याकडून रोख घेऊन स्वतःच्या कार्डावरून भरले असतील तर साडेतीन लाखांहून जास्त रक्कम त्याच्या खात्यात परत जाते. नाकारलेल्या अर्जावर असा एजंट दुप्पट कमावतो. म्हणून ईमेल मुलीचा, पासवर्ड मुलीकडे, कार्ड घरातलं. एवढ्याला जो एजंट नाही म्हणतो त्याला तुम्हीही नाही म्हणा.

एक मात्र कळकळीने सांगायचं आहे. उशीर किंवा नकार बहुतेक वेळा कागदांमुळे होतो, आणि तिथे कुठलीच प्रायॉरिटी मदत करत नाही. मुलाचं उत्पन्न वर्षाला २९,००० पौंड हवं, ही मर्यादा ११ एप्रिल २०२४ पासून आहे. नोकरीत सहा महिने झाले असतील तर ६ महिन्यांच्या पगारपावत्या, त्याच ६ महिन्यांची बँक विवरणं आणि कंपनीचं पत्र लागतं. पावतीवरचा हातात येणारा पगार आणि खात्यात जमा झालेला आकडा पेनीपर्यंत जुळवून बघा. सगळ्यात अलीकडचा कागद अर्जाच्या तारखेच्या आधीच्या २८ दिवसांतला हवा. क्षयाची तपासणी यूकेने मान्य केलेल्या दवाखान्यातलीच चालते आणि तिचं प्रमाणपत्र ६ महिने टिकतं.

आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर. पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि व्हिसासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेला तिसरंच स्पेलिंग. नाव बदलायची घाई करू नका. पासपोर्टवर आहे तेच नाव अर्जात आणि परीक्षेला ठेवा, दुसरं नाव अर्जातल्या ‘इतर नावे’ या रकान्यात लिहा आणि एका पत्रात खुलासा जोडा. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचं विधान हवं. या सगळ्याला एजंट “आपण बनवून घेऊ” म्हणाला तर तिथून उठून या. बनावट कागद सापडला तर अर्ज नाकारला जातोच, शिवाय १० वर्षांपर्यंतची बंदी मुलीच्या नावावर लागू शकते. एजंटच्या नाही.

सल्लागार यूकेतला असेल तर तो नोंदणीकृत असायलाच हवा, नाहीतर तिथे तो गुन्हा आहे. जानेवारी २०२५ पासून ही नोंद इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे असते आणि यादी फुकट तपासता येते; सॉलिसिटर, म्हणजे तिथला वकील, असेल तर त्यांची नोंद वेगळी. इथल्या गल्लीतल्या एजंटवर त्या संस्थेचा अधिकार चालत नाही, हे लक्षात ठेवा.

पैसे गेले असतील तर आधी पुढचा हप्ता थांबवा. ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, बँकेला लेखी कळवा, चॅट पुसू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देताना भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा, म्हणजे फसवणुकीचा उल्लेख करा. एजंटकडून अर्जाची पूर्ण पीडीएफ, जीडब्ल्यूएफ क्रमांक आणि फी भरल्याची मूळ पावती मागून घ्या. प्रायॉरिटी खरंच घेतली होती का, ते तिच्यावर दिसतं. खोटे कागद जोडले गेल्याचा संशय असेल तर निकालाची वाट न बघता यूकेतल्या नोंदणीकृत सल्लागाराला फाइल दाखवा. आणि सांगितलेले आठवडे खरोखरच उलटून गेले असतील तर मुलाने यूकेतल्या आपल्या मतदारसंघाच्या खासदाराच्या कार्यालयाला जीडब्ल्यूएफ क्रमांकासह ईमेल करावा. ते ब्रिटिश गृहखात्याकडे चौकशी करतात, आणि त्याला एक पेनीही लागत नाही.