मोटारसायकलचं कॅरिअर ऑनलाइन घ्यावं की वाळूजच्या कारागिराकडून?

जालन्याच्या भाच्याला मोटारसायकलला मागचं कॅरिअर बसवायचंय. ऑनलाइन स्वस्त मिळतंय, वाळूजचा फॅब्रिकेटर जवळपास दुप्पट सांगतोय. त्यामुळे तो अडलाय.

किंमत आधी बघू. ऑनलाइनचे नग एकाच साच्यातून हजारोंनी निघतात. कारागिराच्या आकड्यात पाइप, वेल्डिंग, पावडर कोटिंग आणि त्याची मजुरी असते. त्याला मोबाइलवरचा भाव दाखवून घासाघीस करणं मला अजिबात पटत नाही. कमी केलेले पैसे एकतर पाइपच्या जाडीतून जातात, नाहीतर त्याच्या पोटातून.

खरा प्रश्न टिकाऊपणाचा. नुसत्या ‘स्टेनलेस’ शब्दावर जाऊ नये. स्टेनलेस स्टीलच्या 304 ग्रेडमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून ते लवकर गंजतं. चुंबकाने हा फरक कळत नाही, कारण दोन्ही जवळजवळ चिकटतच नाहीत. कारागिराकडून ग्रेड बिलावर लिहून घेता येते. साध्या लोखंडाचं असेल तर वेल्डिंगचे सांधे तपासावेत. कोटिंग उडालं की पावसाळ्यात गंज धरतो.

खटपट कारागिराकडे जास्त, गाडी तिथे सोडावी लागते. पण माप गाडीवरच घेतलं जातं आणि सांधा तुटला तर तोच जोडून देतो.

डबा आणि रेनकोटच न्यायचा असेल तर ऑनलाइनचं पुरेल. दुधाचे कॅन, खताची गोणी रोज न्यायची असेल तर कारागिराकडूनच, त्याने सांगितलेला रास्त भाव देऊन.